परीस

आसगावच्या बाजारात, मंगळवारी,
सुकटीची रांग संपते आणि बांगड्या सुरू व्हायच्या असतात
तिथं माझं गोणपाट.
कोणाची चैन अडकते, कोणाची फाकते.
मी मेणबत्ती घासतो, पक्कडीनं दाबतो.
दहा रुपये. रनर नवा टाकला तर वीस.

पर्स हाती घ्यायची तर आधी रिकामी हवी.
बाया पाठ फिरवून रिकामी करतात,
तरी गोणपाटावर काहीतरी सांडतंच:
रेशनकार्डाची झेरॉक्स, तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी,
सुपारीचं खांड,
कागदात गुंडाळलेला कोणाचा तरी दुधाचा दात.
एकदा एक पाचशेची नोट नकली निघाली.
तेवढं मात्र त्या बाईला माहीत नव्हतं.

पर्सचं सगळ्यांना माहीत असतं.

पंचफुला रामटेके गुत्त्यानं रोवणी घेते,
बारा बायांची मुकादम.
तिच्या तपकिरी पर्सवर दोन अक्षरं
एकमेकींच्या गळ्यात गळा घालून
अंगभर उभी, बांधीत परे लावावे तशी.
खाली सोनेरी पट्टी, इंग्रजीत पॅरिस.
सहावीतल्या नातीनं बोट ठेवून वाचलं,
"आजी, परीस लिवला हाये."
"मंग घास बरं," पंचफुला म्हणाली,
"माह्या इळ्याले."

मी म्हटलं, बाई, हा माल नकली.
असलीची चैन अशी दात विचकत नाही.
(असलीची चैन तोवर मीही पाहिली नव्हती.)
"मले माईत नाही काय जी?
अडीचशे म्हने, दीडशात आनली भंडाऱ्याहून.
असली असती त हातात धरली असती काय?
टरंकात ठेवली असती, उंदराच्या भेवानं."
मग जरा थांबून,
पदरानं पट्टी पुसत,
"थैली घेऊन ब्यांकेत गेली त शिपाई म्हने,
बाहेर बस, पायरीवर.
हे घेऊन गेली त म्हने, कोनाकडं काम हाये?
खुर्ची नाही देल्ली.
पन इचारलं त."

दिवाळीत निमजे गुरुजींची सून आली, पुण्याची.
"दादा, जपून हं, ही ओरिजिनल आहे."
बांगडीवाली फिस्सकन हसली.
मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
तिचे कान लाल झाले.
मोबाइलमध्ये पावती शोधत राहिली, रेंज नव्हती.
आसगावच्या बाजारात तिच्यासारख्या चाळीस टांगलेल्या,
तिची एकटीच खरी, आणि साक्षीला कोणी नाही.
मी तीच मेणबत्ती घासली. चैन सरकली.
दहाच्या जागी वीस ठेवून गेली,
असलीचा भाव वेगळा असेल असं समजून.

माझ्या मनगटावर घड्याळ आहे,
त्याच्या पोटात आणखी तीन लहान घड्याळं,
तिन्ही नुसती छापलेली.
पोरगा म्हणतो, बाबा, काऊन घालता?
मोठे काटे बरोबर चालतात.
पवनीची शेवटची बस माझी कधी चुकली नाही.
आणि ती तीन लहान?
ती कोणत्या गावची वेळ दाखवतात,
हे कंडक्टरलाही विचारावंसं वाटत नाही.
असू देत.

यंदा रोवणी उरकल्यावर पंचफुला आली.
सोनेरी रंग उडालेला, शेवटचं अक्षर गेलेलं.
"आता परी वाचते पोट्टी," म्हणाली,
"माहा परीस चिखलात पडला कोनाच्या त."
चैन पार मेली होती. म्हटलं, फेका आता, नवी घ्या.
"काऊन फेकू? चैन बदलव."
माझ्याकडं मिलिटरीच्या जुन्या जाकिटाची एक होती,
पितळेची, जाड,
पर्स झिजून गेली तरी उरेल अशी.
तीच शिवली. चैन तपकिरीवर काळी दिसत होती.
तिनं तीनदा उघडली, तीनदा लावली,
कानाजवळ नेऊन आवाज ऐकला.

मी तीस म्हणालो.
ती म्हणाली, "पर्सच दीडशाची हाये जी,"
आणि वीस ठेवले.